घरात मार खाणारी बहीण मंडळीकडे येते तेव्हा: या चुका टाळा

चर्चमधली उपासना संपते, सगळे चहाकडे वळतात आणि एखादी बहीण पाळकांच्या पत्नीला बाजूला घेऊन हळूच सांगते, "घरी मारहाण होते." ठाणे असो की नवी मुंबई, यानंतर घात बहुधा चांगल्या हेतूनंच होतो.

दोघांना समोरासमोर बसवणं

सगळ्यात घातक चूक हीच. पाळकांच्या बैठकीत नवरा तिच्या शेजारीच बसलेला असतो. प्रश्न विचारला की ती आधी त्याच्याकडे पाहते, मग म्हणते, "तसं विशेष काही नाही." वडीलजन समाधानानं प्रार्थना करतात आणि दोघं एकाच रिक्षातून घरी जातात. ती आत जे बोलली त्याचा हिशोब दार लागल्यावर होतो. भीतीखाली असलेल्या माणसाकडून समेट करून घेता येत नाही.

तिला एकटीला भेटा, तिच्या सोयीच्या वेळी, सोबत एक विश्वासू स्त्री घेऊन. तिच्या संमतीशिवाय नवऱ्याला फोनही करू नका. आधी धोका ओळखा: त्यानं कधी गळा दाबला का? जिवे मारण्याची धमकी दिली का, हत्यार दाखवलं का? गरोदरपणात मारलं का? गळा दाबला असेल तर मानेवर वळ नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, कारण आतली सूज नंतर वाढू शकते. दुखापत कशी झाली ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहायला सांगा.

प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकणं

"कळव्याच्या आपल्या बहिणीच्या घरी शांती यावी म्हणून प्रार्थना करा." शंभर जणांच्या मंडळीत नाव न लिहिताही ती कोण हे सगळ्यांना कळतं, आणि नवराही त्याच ग्रुपवर असतो. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून तिचा नवा पत्ता दोघातिघांपलीकडे जाऊ देऊ नका.

अर्धंच वचन वाचणं

बायबलमधलं इफिसकरांस ५:२२ (पत्नींनी पतीच्या अधीन असावं) वाचून थांबणं म्हणजे पुढचं वचन २५ लपवणं. तिथं पतीला ख्रिस्तासारखी स्वार्पणाची प्रीती करायला सांगितलं आहे. मलाखी २:१६ मधला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा सगळ्यांना पाठ असतो. त्याच वचनातला जुलमाचा निषेध मात्र गाळला जातो. क्षमा करायची म्हणजे त्याच घरात परतायचंच, असं पवित्र शास्त्र सांगत नाही.

कायद्याला मंडळीचा शत्रू मानणं

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला संरक्षण, खर्च आणि राहत्या घराचा हक्क मागता येतो, घर तिच्या नावावर नसलं तरी. पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांत लागावी, ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. कोपरखैरण्याची बहीण माहेरी कळव्याला राहत असेल तर ती राहते तिथल्या हद्दीच्या न्यायालयातही अर्ज करता येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तातडीच्या वेळी ११२, सल्ल्यासाठी १८१. २००१ च्या दुरुस्तीनंतर ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरही घटस्फोट मागता येतो, हेही तिच्यापासून लपवू नका.

एक काम मात्र फक्त मंडळीलाच जमतं. लग्न आपल्या चर्चमध्ये झालं असेल तर नोंदवहीतून विवाहाचा प्रमाणित दाखला तिला लगेच काढून द्या, नवऱ्याची परवानगी न मागता. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि औषधं यांची पिशवी विश्वासू घरी ठेवायला मदत करा. पैसे द्याल ते तिच्या हातात द्या.

आरोप आपल्याच सेवकावर (पाळक किंवा मंडळीत सेवा करणारा) असेल तर

"आधी कमिटीत चौकशी करू" असं म्हणत बसू नका. त्याला त्याच दिवशी सेवेतून बाजूला करा. पीडित १८ वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गप्प राहणं हाच गुन्हा ठरतो. चर्चच्या कार्यालयातल्या लैंगिक छळाची तक्रार साधारण ३ महिन्यांत करायची असते; १० पेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

पश्चात्तापाची साक्ष घाईनं घेणं

दोन आठवड्यांनी नवरा रडत साक्ष देतो, मंडळी हळहळते आणि ती बहीण मागच्या बाकावरून उठून जाते. त्याला व्यासपीठ, गायन, वर्गणी गोळा करणं यांतलं काहीही देऊ नका. दोघांपैकी कुणाला दुसऱ्या मंडळीत जावं लागणार असेल, तर नवऱ्याला पाठवा.