केळीच्या बागेत ब्लूटूथ सेन्सर अडकतो तेव्हा कोडमध्ये काय बघायचं

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात मातीचा ओलावा मोजणारं ॲप बनवलं की एक तक्रार हमखास येते: टेबलावर चालतं, बागेत मधेच आकडे थांबतात. आधी सिग्नल बघा. केळीच्या खोडात-पानांत पाणीच पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. एनआरएफ कनेक्ट या ब्लूटूथ तपासणाऱ्या ॲपमध्ये आरएसएसआय (सिग्नलची ताकद; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) उणे ९० डीबीएमच्या आसपास दिसला, तर कोडला हात लावू नका, सेन्सरचा अँटेना उंच बांधा. उणे ६० असूनही अडकत असेल, तर दोष बहुधा कोडचाच.

गॅट म्हणजे ब्लूटूथ सेन्सरशी डेटाची देवाणघेवाण करायची पद्धत. अँड्रॉइड एका गॅट जोडणीवर एका वेळी एकच काम घेतं. पहिल्या रीडचा (वाचण्याच्या कामाचा) कॉलबॅक, म्हणजे काम झाल्याचा निरोप, येण्याआधी राइट (लिहिण्याचं काम) दिलं, तर ते नाकारलं जातं आणि फंक्शन फॉल्स किंवा एरर कोड परत करतं. तो कोणी तपासत नाही. मग कोरूटीन (कोटलिनमधलं, मधे थांबून पुढे चालू शकणारं काम) कधीच न येणाऱ्या कॉलबॅकची वाट बघत बसतं. यावर दोन कामांमध्ये अर्ध्या सेकंदाचा डिले टाकणं हा उपाय नव्हे. बागेत पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात, उत्तराला उशीर होतो आणि तो डिले अपुरा पडतो.

सगळी कामं एकाच म्युटेक्समधून (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) न्या. आत क्रम असा: आधी डिफर्ड (पुढे येणाऱ्या उत्तरासाठी राखलेली जागा) तयार करा, मग काम द्या, फंक्शनने लगेच काय परत केलं ते तपासा, मगच टाइमआउट (वाट बघायची मुदत) लावून कॉलबॅकसाठी थांबा. कॉलबॅक दुसऱ्या थ्रेडवर येतो. डिफर्ड नंतर बनवलं तर उत्तर त्याआधीच येऊन गेलेलं असू शकतं.

खरी मेख टाइमआउटनंतर आहे. काम सोडून तुम्ही पुढचं दिलं आणि जुन्याचं उशिरा आलेलं उत्तर नव्या डिफर्डला चिकटलं, तर ओलाव्याच्या रकान्यात तापमान दिसू लागतं. म्हणून टाइमआउट झाला की जोडणी तोडा, क्लोज करा, नव्याने जोडा. जोडणी आपोआप तुटली तरी अडकलेलं डिफर्ड एरर देऊन मोकळं करा.

नोटिफिकेशन (सेन्सरने आपणहून पाठवलेले आकडे) येत नसतील तर २९०२ डिस्क्रिप्टर (सेन्सरवर नोटिफिकेशन चालू करणारी नोंद) लिहिलाय का बघा. नुसतं सेट-नोटिफिकेशन फोनपुरतंच असतं. २९०२चा हा राइटही त्याच म्युटेक्समधून जातो. आलेला डेटा मात्र म्युटेक्समध्ये अडकवू नका, चॅनेलमध्ये (कोरूटीनकडे डेटा पोचवणारी रांग) टाका. अँड्रॉइड १२ आणि त्याआधी तो लगेच कॉपी करा, नाहीतर पुढचं नोटिफिकेशन त्यावरच लिहिलं जातं.

संदेश २० बाइटवर कापला जातोय? एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) मूळचा २३ बाइट आहे, त्यातले ३ बाइट हेडरला जातात. वाढवून मागा आणि कॉलबॅक येईपर्यंत थांबा.

जोडणीच्या कॉलबॅकमध्ये आलेला स्टेटस ८ म्हणजे संपर्कच तुटला, बहुतेकदा अंतरामुळे. १९ म्हणजे सेन्सरने स्वतः जोडणी तोडली. १३३ मधून नेमकं काहीच कळत नाही. क्लोज करून थोड्या वेळाने पुन्हा जोडा. त्या भरात स्कॅन वारंवार सुरू करू नका: ३० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा केलं, तर अँड्रॉइड ॲपला निकाल देणं थांबवतं.

एवढं करूनही उलगडलं नाही, तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एचसीआय स्नूप लॉग (फोनच्या ब्लूटूथ संवादाची नोंद) चालू करा, ब्लूटूथ बंद-चालू करा आणि त्या लॉगची फाइल वायरशार्क या पॅकेट तपासायच्या प्रोग्राममध्ये उघडा.