देव दूर वाटतो तेव्हा या चुका टाळा

बायबल अभ्यासाचा गट चालवणाऱ्याकडे लोक शंका विचारायला येतात, असा समज आहे. माझ्याकडे बहुतेक जण तक्रार घेऊन येतात, आणि ती एकच असते: देव पूर्वीसारखा जवळ वाटत नाही. प्रार्थना छताला आपटून खाली पडते. शास्त्र वाचतो पण मनाला लागत नाही. उपासनेत गाणी म्हणतो, नुसते ओठ हलतात.

तक्रारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. ती फार जुनी आहे. 150 स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. 13व्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांतच दावीद चार वेळा 'कोठवर?' विचारतो. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही, तरी ते शास्त्रात आहे. खुद्द प्रभूने वधस्तंभावर 22व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' तेव्हा कोरडा काळ येणं यात चूक काहीच नाही. माझा वैताग आहे तो त्या काळात माणसं जे उद्योग करून ठेवतात त्यांच्यावर.

चिन्हं मागत फिरणं

हा उद्योग सगळ्यांत महागात पडतो.

आमच्या गटात एक तरुण होता. हुशार, बरी नोकरी, लग्न ठरलेलं. बाप्तिस्म्यानंतरचे पहिले महिने तो नुसता उडत होता. प्रत्येक प्रार्थनेचं उत्तर त्याच आठवड्यात. मग सगळं शांत झालं. त्याला ती शांतता सोसेना. त्याने डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट ठेवायचं, हा प्रकार सुरू केला. मी दोनदा सांगून पाहिलं, पण त्याला तोवर 'मार्गदर्शन' मिळू लागलं होतं. एका सकाळी बोट उत्पत्तीच्या 12व्या अध्यायावर पडलं: आपला देश, आपले नातलग, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. गड्याने त्याच आठवड्यात राजीनामा दिला. कुठे जायचं ते काही कळेना, म्हणून पुन्हा बोट ठेवलं, ते पडलं गणनेच्या पुस्तकातल्या वंशांच्या मोजदादीवर. त्यातूनही त्याने अर्थ काढला!

मुलीच्या वडिलांनी विचारलं तेव्हा उत्तर तयार होतं, 'देवाने सांगितलंय.' या वाक्यापुढे समोरच्याची वाचाच बंद होते. सल्ला, प्रश्न, साधी काळजीसुद्धा अविश्वास ठरते. लग्न मोडलं. काही महिन्यांनी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, देवाने मला फसवलं." मी म्हटलं, "अरे, देव बोलत नाही हीच तर तुझी मूळ तक्रार होती ना? मग हे सगळं कोण बोललं?" तो चिडून निघून गेला. नंतर परत आला, आजही येतो, पण मोडलेलं लग्न काही जुळलं नाही.

इस्राएलाचा पहिला राजा शौल याची गोष्ट अशा प्रत्येकाला मी वाचायला लावतो, आणि दोन्ही टोकं वाचायला लावतो. 1 शमुवेल 13 मध्ये शौल सात दिवस थांबतो. संदेष्टा शमुवेल येत नाही, लोक पांगू लागतात, म्हणून तो स्वतःच होमबली अर्पण करतो. अर्पण संपतं न संपतं तोच शमुवेल हजर! पुढे 28व्या अध्यायात देव त्याला स्वप्नांतून उत्तर देत नाही, उरीमातून (देवाचा कौल घ्यायचं याजकाकडचं साधन) नाही, संदेष्ट्यांकडूनही नाही. मग तो वेषांतर करून रात्री एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे जातो, आणि असल्या लोकांना देशातून हाकलून देणारा हाच राजा होता. देवाचं मौन सहन न होणारा माणूस शेवटी कुठलाही आवाज चालवून घेतो. शौलाच्या बाबतीत हे व्हायला राज्यकारभाराची कित्येक वर्षं लागली. आता मोबाइलवर 'आजचं तुमच्यासाठी भविष्यवचन' पाठवणारे इतके आहेत की एक संध्याकाळ पुरते.

कोणी लगेच गिदोनाची लोकर पुढे करतं, म्हणजे देवाकडून खात्रीचं चिन्ह मागायला त्याने रात्री जमिनीवर पसरलेली लोकर. गिदोनाला देवाची आज्ञा आधीच स्पष्ट मिळालेली होती, आणि दुसऱ्यांदा लोकर पसरताना तो 'तुझा कोप माझ्यावर भडकू नये' असं घाबरत म्हणतो. ते प्रसंग त्याच्या कच्चेपणाचे आहेत, आपण त्याची पद्धत करून टाकली. घाई करणाऱ्यांसाठी यशयाच्या 50व्या अध्यायाची शेवटची दोन वचनं पुरेशी आहेत. अंधारात चालणाऱ्याने परमेश्वराच्या नावावर भाव ठेवावा, हे पहिलं. जे स्वतःच आग पेटवून तिच्या उजेडात चालतात ते दुःखात पडून राहतील, हे लगेच पुढचं. दुसरं वचन प्रवचनात सहसा ऐकू येत नाही.

याबाबत माझी सवय सोपी आहे. मन ठिकाणावर असताना ठरवलेल्या गोष्टी मी वहीत तारखेसह लिहून ठेवतो, आणि कोरड्या काळात त्या उकलत नाही. मंडळी (चर्च) बदलायची नाही, घेतलेली सेवा सोडायची नाही, कोणाला दिलेला शब्द मोडायचा नाही. ही युक्ती माझी नव्हे. 16व्या शतकात येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला याने हाच नियम घालून दिला होता: मन ओसाड असताना आधीचा निर्णय बदलू नये, बदलायचंच असेल तर स्वतःला बदलावं, म्हणजे प्रार्थना थोडी वाढवावी, आत्मपरीक्षण नीट करावं. आता नोकरीचं पत्र आलंय आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, अशी वेळ येतेच. तेव्हा साधी अक्कल वापरावी, वयाने आणि विश्वासाने मोठ्या दोघा माणसांना विचारावं, आणि जे ठरेल ते 'मी ठरवलं' म्हणून सांगावं. त्याखाली देवाची सही ठोकू नये.

प्रत्येक कोरडेपणामागे पाप उकरणं

ही चूक कोरडा माणूस स्वतःही करतो, पण जास्त करून त्याचे हितचिंतक करतात.

एका ताईची आई दीर्घ आजाराने गेली. सगळ्या मंडळीने उपास-प्रार्थना केली होती, तरी गेली. त्यानंतर ताईला प्रार्थना जमेना. तिने गटात तसं प्रामाणिकपणे सांगितलं, आणि तिथून चौकशी सुरू झाली. कोणाला क्षमा करायची राहिली आहे का? घरात जुनी मूर्ती, तावीज असलं काही आहे का? आई आजारी असताना मनात शंका आली होती का? ती बिचारी याद्या करू लागली. शाळेतल्या मैत्रिणीला शोधून काढून माफी मागितली. ज्या पापांचा अंगीकार करून कित्येक वर्षं झाली होती ती पुन्हा एकेक करून काढली. जवळ काहीच येईना, तेव्हा तिने निष्कर्ष काढला की आपलं पाप इतकं खोल आहे की आपल्यालाही सापडत नाही. मग ती यायचीच थांबली.

निर्दोष असून सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी केलेलं एकमेव चांगलं काम म्हणजे सुरुवातीला सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, अलीफज आणि त्याच्या दोघा सोबत्यांवर भडकतो. ईयोबाने देवाला भलतंसलतं सुनावलं होतं आणि मित्रांनी देवाची बाजू घेतली होती, तरीसुद्धा. आमच्या हितचिंतकांनी हा 42वा अध्याय वाचलेला नसतो, किंवा वाचूनही तो आपल्यासाठी आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पापामुळे अंतर पडतच नाही, असं मी म्हणत नाही. यशया 59:2 तेच सांगतं, आणि 32व्या स्तोत्रात दावीद सांगतो की गप्प राहिलो तोवर माझी हाडं झिजली. पण माझा ठोकताळा असा की पाप हेच कारण असेल तर ते सहसा माणसाला ठाऊक असतं. तो फक्त त्या विषयाला बगल देत असतो. संदेष्टा नाथानाने दावीदाला 'तुझ्यात काहीतरी असेल, शोध' असं मोघम सांगितलं नाही. 'तो मनुष्य तूच' म्हणाला आणि दावीदाने मारवलेल्या उरीयाचं नाव घेतलं. म्हणून मी 139व्या स्तोत्रातलं 'हे देवा, माझी झडती घे' एकदा प्रार्थना म्हणून म्हणतो, थोडा वेळ थांबतो. नाव घेता येईल असं काही समोर आलं तर त्याच दिवशी निस्तरतो. नाही आलं तर पुढे जातो. झडती घेणं देवाचं काम आहे. इग्नेशियसनेही ओसाडपणाची तीन कारणं दिली, त्यांतलं आपला आळस आणि हलगर्जी हे फक्त एक. दुसरं पारख, आणि तिसरं म्हणजे गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळावं म्हणून.

त्या ताईकडे मग मंडळीतल्या एक वृद्ध बाई जाऊ लागल्या. सल्ला नाही, चौकशी नाही. एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं, प्रभूची प्रार्थना म्हणायची, निघायचं. ताई आता पुन्हा उपासनेला येते. देव जवळ वाटतो का, असं कोणी विचारलं तर 'कधी कधी' म्हणते.

शरीर विसरणं

कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलेला संदेष्टा एलीया पुढच्याच अध्यायात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला आधी प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, देवदूताकडून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. होरेब डोंगरावर त्याने ऐकलेला देवाचा मंद, शांत आवाज त्याच्याही चाळीस दिवस नंतरचा.

रात्री दोनपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला 'देव का बोलत नाही' असं म्हणणाऱ्यांना मी आधी झोपायला सांगतो. आणि आठवडेच्या आठवडे कशातच रस नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. मनाच्या आजाराची औषधं चालू असताना 'विश्वासाने' ती बंद करायला सांगणाऱ्या माणसाचं ऐकू नका, तो कितीही मोठ्या व्यासपीठावरून बोलत असो.

आणखी काही, भराभर

उपासनेला दांडी मारणं. पुन्हा उठलेला प्रभू शिष्यांना दिसला त्या पहिल्या संध्याकाळी शिष्य थोमा इतरांबरोबर नव्हता, म्हणून त्याचं हुकलं. आठ दिवसांनी तो शंका तशीच घेऊन त्यांच्यात बसला होता. येताना शंका दाराबाहेर ठेवून यायची अट नाही.

दुसऱ्याच्या साक्षीशी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं हे तो मंडळीत सांगतो त्याच्याशी, तुलना. साक्ष देणारा माणूस दहा वर्षांतले तीन दिवस सांगत असतो. मदर तेरेसांची पत्रं 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा कुठे जगाला कळलं की त्यांनी जवळपास अर्धं शतक आत अंधार घेऊन काम केलं.

जास्त मोठ्या आवाजाची सभा शोधणं. अंगावर काटा येतो, घरी पोहोचेपर्यंत उतरतो, मग पुढची सभा.

नटवलेली प्रार्थना. 'धन्यवाद प्रभू, सर्व काही उत्तम आहे' असं म्हणण्याऐवजी 88वं स्तोत्र वाचा. ते शब्द देवानेच दिलेत.

आणि एक उलट चूक, जी हल्ली फार दिसते: आळसाला 'आत्म्याची काळोखी रात्र' म्हणणं. ज्याच्या लेखनातून ही कल्पना आली तो स्पॅनिश संत क्रूसाचा योहान स्वतः 1577-78 मध्ये टोलेडोत कित्येक महिने अंधारकोठडीत होता, आणि त्याने ओळखीच्या खुणा स्पष्ट दिल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण जगाच्या गोष्टींतही नाही; आपण देवाची सेवा करत नाही आहोत याची सतत टोचणी; आणि पूर्वीसारखं मनन काही केल्या जमत नाही. आता तुम्हाला प्रार्थनेत गोडी नाही, पण मालिकेच्या सगळ्या भागांत आहे, आणि टोचणी कसलीच नाही, तर त्याला रात्र म्हणू नका. टीव्ही बंद करा.

मी काय करतो

वेळ ठरलेली आणि लहान ठेवतो. उत्साहाच्या भरात तासभराचं व्रत घेणारे नवशिके महिन्याभरात पाच मिनिटंही बसत नाहीत, म्हणून दहा मिनिटं, पण रोज. मन लागलं म्हणून वाढवत नाही, लागलं नाही म्हणून आटोपतं घेत नाही. स्तोत्रं क्रमाने वाचतो. निवडायला लागलं की माणूस फक्त आवडतीच निवडतो. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना सुचत नसेल तर प्रभूची प्रार्थना म्हणतो आणि तेवढ्यावर थांबतो. आठवड्यातून एकदा आजारी माणसाला भेटून येतो, कारण ते काम करायला काही वाटावं लागत नाही. प्रभुभोजन चुकवत नाही. आपली अवस्था एकाच भरवशाच्या माणसाला सांगतो, अख्ख्या गटाला नाही. का, ते वर आलंच आहे.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'काका, असं किती दिवस?' उत्पत्तीच्या 16व्या अध्यायाच्या शेवटी अब्राहाम 86 वर्षांचा आहे आणि 17व्याच्या पहिल्या ओळीत 99. मधल्या तेरा वर्षांत देव त्याच्याशी बोलल्याची एकही नोंद नाही. त्या मौनाच्या आधी अब्राहाम आणि त्याची बायको सारा यांनी मिळून दासी हागारकडून मूल मिळवण्याचा शॉर्टकट मारला होता, आणि त्याचे परिणाम या तेरा वर्षांत त्याच्याच तंबूत वाढत होते. तेव्हा दिवस मोजायचे तर मोजा, माझी हरकत नाही. फक्त राजीनामा लिहिण्याआधी मला एक फोन करा.