हिवतापाचे डास शोधताना या चुका टाळा

गावात हिवतापाचे दोन-चार रुग्ण निघाले की ग्रामपंचायतीत पहिली मागणी होते ती धूरफवारणीची. मशीन गल्लीभर फिरतं, लोकांचं समाधान होतं, डासांचं मात्र फारसं काही बिघडत नाही. धूर लगेच विरतो. हिवताप पसरवणारी अ‍ॅनोफिलीसची मादी चावते ती रात्री.

दुसरी सवय म्हणजे गटारात औषध ओतणं. सांडपाण्यात बहुधा क्युलेक्स वाढतो. तो हत्तीरोग पसरवतो, हिवताप नव्हे. गडचिरोलीसारख्या भागात शोधायचे डास मुख्यतः अ‍ॅनोफिलीसच्याच दोन जातींचे. क्युलिसिफेसीस धानाच्या बांध्यांत, कालव्याकाठी आणि नदीपात्रातल्या डबक्यांत वाढतो, तर फ्लुविएटिलिस डोंगरपायथ्याच्या संथ, स्वच्छ ओढ्यांत. अळी ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. अ‍ॅनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून असते, क्युलेक्सची डोकं खाली करून तिरकी लोंबकळते.

अळ्या सापडतच नसतील तर आधी स्वतःची सावली बघा. सावली पडली किंवा पाणी हललं की अळ्या तळाशी जातात. सूर्याकडे तोंड करून उभं राहा, थोडं थांबा, मग गवताच्या कडेने डिपर (अळ्या काढायचा लांब दांड्याचा डाव) तिरका बुडवा. काही मिळालं नाही तर वहीत शून्य लिहा. कोरी जागा पाहून पुढच्या माणसाला कळत नाही, की तिथे अळ्या नव्हत्या की कोणी गेलंच नव्हतं.

प्रौढ डास पकडताना सगळ्यात मोठी फसगत गोठ्यात होते. क्युलिसिफेसीसचा ओढा गुरांकडे जास्त, त्यामुळे पहाटे टॉर्च आणि शोषनळी (डास ओढून घ्यायची नळी) घेऊन गोठ्यात शिरलं की नळी भराभर भरते. पण हा आकडा माणसांना किती डास चावतात ते सांगत नाही. घरातले आणि गोठ्यातले डास वेगळ्या डब्यांत ठेवा, वेळ आणि जागा तिथेच लिहा. घरात फक्त भिंती पाहून परतू नका. दांडीवरचे कपडे, कणगीमागचा अंधार, छताची आतली बाजूही बघा.

घरांच्या भिंतींवर औषधाची फवारणी होऊनही डास दिसतात तेव्हा लगेच "डासांना औषध पचलं" असा निष्कर्ष निघतो. पचलेलं असूही शकतं, पण आधी घरं मोजा. किती घरांनी देवघर नि स्वयंपाकघर फवारू दिलं नाही? सणासाठी भिंती पुन्हा सारवल्या का? सारवलं की औषधाचा थर मातीखाली गाडला जातो. मग चाचणी करा: डासांचं औषध लावलेल्या कागदाच्या नळीत डास 1 तास, मोजणी 24 तासांनी. 98 टक्के किंवा जास्त मेले तर औषध चालतं, 90 टक्क्यांपेक्षा कमी मेले तर प्रतिकारशक्ती आहे, मधलं संशयास्पद. तुलनेसाठी बिनऔषधी कागदाची नळी सोबत हवीच, घाईत तीच राहते. तिच्यातच 20 टक्क्यांहून जास्त डास मेले तर चाचणी रद्द करून पुन्हा घ्या.

मच्छरदाणीबाबत थोडक्यात: औषधभारित दाणी सारखी धुऊ नये, सावलीत वाळवावी, धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नये, मासे मरतात. आणि सर्वेक्षणात "दाणी आहे का?" एवढ्यावर थांबू नका. काल रात्री घरातलं कोण कुठे झोपलं होतं तेही विचारा. जागलीला शेतावर गेलेल्याची दाणी बऱ्याचदा घरच्या खुंटीवरच असते.