एकाच जागेचे छायाचित्र पुन्हा पुन्हा: इंदूरला ये-जा करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली इंदूरची मराठी माणसे दिवाळीला, लग्नकार्याला किंवा मुलांच्या सुट्टीत घरी येतात तेव्हा छायाचित्रे भरपूर काढतात, पण त्यांतली बहुतेक माणसांची आणि जेवणाच्या पानांची असतात. शहर आणि भोवतालचा विंध्याचा डोंगर त्यांत मागे कुठेतरी अंधुक दिसतो. खरे पाहता, वर्षा-दोन वर्षांनी परतणाऱ्याला जे दिसते ते तिथे रोज राहणाऱ्याला जाणवत नाही आणि प्रवाशाला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक फेरीत ठरावीक जागी उभे राहून तेच दृश्य पुन्हा टिपावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अशी दहा वर्षांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली की गावाचा एक भरवशाचा दस्तऐवज तयार होतो, आणि त्यासाठी महागड्या कॅमेऱ्याची गरज पडत नाही.

जागा थोड्याच निवडाव्यात. पाच पुरेत, दहा झाल्या की दुसऱ्याच फेरीत कंटाळा येतो. एक जागा घरातली असावी: रामबागेतल्या किंवा नारायणबागेतल्या जुन्या घराचा चौक, जिना किंवा गल्लीकडचे तोंड. अशी घरे पाडून तिथे इमारती उभ्या राहण्याचा वेग पाहता, ही जागा यादीत सर्वांत वर ठेवावी. दुसरी राजवाड्यासमोरची. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. 1984 च्या आगीत मागच्या भागाची मोठी हानी झाली आणि तो पुढे पुन्हा बांधून काढण्यात आला. त्या आगीपूर्वीचे एखादे छायाचित्र घरच्या अल्बममध्ये सापडले, तर तीच आपली पहिली चौकट मानून त्याच जागेचा शोध घ्यावा. तिसरी जागा पाण्याकाठची घ्यावी. कान्ह नदीवरच्या कृष्णपुरा छत्र्या, म्हणजे होळकर घराण्यातल्या व्यक्तींची स्मारके, चालतील, किंवा 2022 मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेला सिरपूरचा तलाव, जिथे हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात. उरलेल्या दोन जागा डोंगरातल्या असाव्यात.

त्यांतली एक पातालपानी ते कालाकुंड या रेल्वेमार्गाच्या परिसरात निवडावी, असे मला वाटते. होळकरांच्या अर्थसाहाय्याने एकोणिसाव्या शतकात झालेला हा मीटरगेजचा, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांचा, लोहमार्ग माळव्याच्या पठारावरून नर्मदेकाठच्या सखल निमाडात उतरतो. गेज रूपांतराच्या, म्हणजे रूळ रुंद करण्याच्या, कामासाठी इंदूरजवळच्या महूच्या पुढची नियमित मीटरगेज वाहतूक 2023 मध्ये थांबली, आणि पातालपानी-कालाकुंड या टप्प्यावर 2018 च्या डिसेंबरात सुरू झालेली हेरिटेज गाडी तेवढी हंगामात धावते. जो भूभाग आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे, त्याचे आजचे छायाचित्र दहा वर्षांनी दुसऱ्या कोणाला काढता येणार नाही. मात्र रुळांवरून किंवा बोगद्यांतून चालत जाऊ नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि वळणावर पळून जायला जागाही नसते. गाडीच्या खिडकीतून किंवा स्थानकाच्या फलाटावरून मिळणारी चौकट पुरेशी असते, आणि कालाकुंडला उतरल्यावर पानांत बांधून मिळणारा कलाकंद घ्यायलाही विसरू नये.

आता मुख्य कौशल्याकडे वळू. पुन्हा त्याच जागी उभे राहणे वाटते तितके सोपे नाही. फोनमधले जीपीएस काही मीटर इकडे-तिकडे होते, आणि गल्लीत तेवढ्याने सगळी चौकट बदलते. खात्रीचा उपाय जुना आहे. पहिले छायाचित्र काढताना जवळच्या आणि दूरच्या अशा दोन वस्तू एका रेषेत आणाव्यात. उदाहरणार्थ, ओट्याच्या खांबाची डावी कड आणि मागच्या घराच्या खिडकीची उजवी कड. अशी दुसरी जोडी चौकटीच्या दुसऱ्या टोकाला शोधावी. या दोन रेषा जिथे छेदतात तीच आपली उभी राहण्याची जागा, आणि पुढच्या वेळी दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या की आपण वीतभराच्या फरकाने तिथेच आहोत हे समजावे. डोंगरात जवळची वस्तू म्हणून झाड घेऊ नये, कारण ते वाढते किंवा तोडले जाते. मोठा खडक, पुलाचा कठडा किंवा मंदिराची पायरी घ्यावी. कॅमेऱ्याची उंचीही ठरवून टाकावी. तिपाई नसेल तर फोन नेहमी छातीच्या उंचीवर धरावा, आणि घरातल्या उंच माणसाने एकदा व लहान मुलाने एकदा काढण्याचे टाळावे.

फोनच्या मुख्य लेन्सवरच, म्हणजे एक पट या खुणेवरच, छायाचित्र घ्यावे. अतिरुंद लेन्स कडेच्या वस्तू ताणते, आणि डिजिटल झूमने तपशील पुसट होतात. स्वतंत्र कॅमेरा असल्यास एकच फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सचा झूम किती ठेवायचा तो आकडा, ठरवावी. जुन्या छायाचित्राची लहान छापील प्रत खिशात असली की जुळवणी फार लवकर होते. पडद्यावर मागे-पुढे करत बसण्यापेक्षा कागद हातात धरणे केव्हाही सोयीचे.

प्रकाशाचा विचार लोक सोडून देतात, आणि मग दोन छायाचित्रांतला फरक गावाचा आहे की सावल्यांचा, हे सांगता येत नाही. इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे तिथे खरी मध्यान्ह साधारण साडेबाराच्या सुमारास होते. डिसेंबरच्या अखेरीस त्या वेळीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 44 अंशांवरच असतो आणि वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीएवढी पडते. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो आणि भिंतींचा उठाव नाहीसा होतो. म्हणून फेरी दरवेळी एकाच ऋतूत होत असेल तर उत्तम. तसे जमत नसेल, तर 21 डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास, अलीकडची आणि पलीकडची तितक्याच अंतरावरची तारीख निवडावी. 1 नोव्हेंबरच्या सुमारास दिवाळीत काढलेल्या छायाचित्राची जोडी 10 फेब्रुवारीच्या आसपास जमते, कारण सूर्याची आकाशातली वाट त्या दोन दिवशी जवळजवळ सारखीच असते. फेब्रुवारीत घड्याळ मात्र अर्ध्या तासाने पुढे धरावे, म्हणजे नोव्हेंबरात दहाला काढले असेल तर फेब्रुवारीत साडेदहाला काढावे.

महेश्वर आणि मांडू या दोन ठिकाणी दिशा आधी लक्षात घेतल्याने बरेच श्रम वाचतात. महेश्वरचा किल्ला आणि अहिल्याबाईंचा घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर असून त्यांचे तोंड दक्षिणेकडे आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला असल्याने त्या पायऱ्यांवर आणि भिंतींवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असते; मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळचा सूर्य उत्तरेकडून येत असल्यामुळे तीच भिंत नेमकी चांगल्या वेळी सावलीत जाते. मांडूतला जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. त्याची कपूर तलावाकडची पूर्वेची बाजू सकाळी, आणि मुंज तलावाकडची दुपारनंतर घ्यावी. संध्याकाळी पठाराच्या दक्षिण कडेवरच्या रूपमती मंडपात पोहोचावे, जिथून निमाडाचा सखल मुलूख खाली पसरलेला दिसतो.

डोंगरात कधी जावे याविषयी माझे मत सर्वसाधारण मताहून वेगळे आहे. धबधबे पावसाळ्यात भरतात म्हणून सगळे जुलै-ऑगस्टमध्ये पातालपानी किंवा तिंछाच्या धबधब्याकडे धावतात. चालण्यासाठी आणि छायाचित्रांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मी अधिक चांगला मानतो. पावसाळ्यात हवेत बाष्प असते, दरीत धुके भरते, शेवाळलेला काळा पाषाण पायाखाली टिकत नाही आणि पठारावरची काळी माती बुटांच्या तळव्यांना जाड थराने चिकटते. सर्वांत मोठा धोका अचानक वाढणाऱ्या पाण्याचा आहे. धबधब्याजवळ ऊन असले तरी वर पठारावर पडलेला पाऊस भिजलेल्या जमिनीत न मुरता ओढ्यांतून वेगाने खाली येतो. जुलै 2011 मध्ये पातालपानीला पाण्याच्या अशाच लोंढ्यात एका कुटुंबातली माणसे वाहून गेली होती. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात काटक्या-पाने वाहत आली किंवा आवाज वाढला, तर सामान आवरत न बसता तत्काळ काठावर वर चढावे. पावसाळ्यात पात्रातल्या खडकांवर उभे राहून छायाचित्र काढूच नये. काठावरच्या सुरक्षित जागेवरून येईल तेवढेच आपले.

बऱ्याच दिवसांनी चालणाऱ्यांनी पहिल्या दिवशी शहरालगतच्या रालामंडलचा चढ चढावा. माथ्यावर होळकरकालीन शिकारगाह, म्हणजे शिकारीसाठी बांधलेली वास्तू, आहे आणि तिथून इंदूरचा पसारा एका नजरेत येतो, त्यामुळे ठरावीक चौकटीसाठीही ती जागा उत्तम ठरते. त्यानंतर महूच्या पुढे जानापावला जावे. चंबळेचा उगम तिथे मानतात, माथा 850 मीटरच्या आसपास आहे आणि वरपर्यंत गाडीचा रस्ता असला तरी पायवाटेने चढणे अधिक चांगले. कार्तिक पौर्णिमेला तिथे जत्रा भरते. माणसांची छायाचित्रे हवी असतील तर तो दिवस, निवांत दृश्ये हवी असतील तर दुसरा कोणताही. कोणत्या वाटेने चाललो आणि केव्हा परतणार, हे घरी काका-काकूंना सांगून निघावे, कारण दऱ्यांत फोनचे जाळे बऱ्याच ठिकाणी मिळत नाही.

परवानग्यांचे थोडक्यात: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये तिपाई आणि ड्रोन यांना पूर्वपरवानगी लागते, आणि महू ही लष्करी छावणी असल्यामुळे तिथल्या लष्करी आवारांकडे कॅमेरा वळवू नये.

घरातल्या जुन्या छायाचित्रांना फेरीतली एक दुपार राखून ठेवावी. ती अल्बममधून ओढून काढू नयेत. चिकट पानांच्या अल्बममध्ये तर पानासकटच टिपावीत. खिडकीच्या बाजूच्या मंद उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन छायाचित्राला अगदी समांतर धरावा. त्याच वेळी आजी किंवा आत्या शेजारी बसलेली असावी आणि तिच्या संमतीने बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. पडवीत उभी असलेली बाई कोण, मागचे चिंचेचे झाड केव्हा पडले, ओट्यावर पूर्वी काय होते, ही माहिती छायाचित्राच्या मागे क्वचितच लिहिलेली असते आणि ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत जातात. त्यामुळे वेळ कमी पडला तर डोंगरातली एक फेरी रद्द करावी, ही दुपार करू नये.

परत पोहोचल्यावरचे काम आठवड्याच्या आत संपवावे. पुढे ढकलले की ठिकाणांची नावे आणि नाती विसरायला होतात. आधी सगळ्या फायली संगणकावर उतरवून एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर ठेवावी, आणि हे होईपर्यंत कार्ड किंवा फोन रिकामा करू नये. मग ठरावीक चौकटींची छायाचित्रे वेगळ्या फोल्डरात घालून त्यांना वर्ष-महिना-दिवस, जागा आणि क्रमांक अशा पद्धतीने नाव द्यावे, म्हणजे ती आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. प्रत्येकाला दोन ओळींची मथळ्यासारखी नोंद जोडावी: कुठे उभे होतो, कोणत्या दोन जोड्या जुळवल्या, किती वाजले होते, आणि मागच्या वेळेपेक्षा काय वेगळे दिसले. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवल्यास ते आकसते आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती गळून पडते, म्हणून मूळ फाइल दस्तऐवज म्हणून पाठवावी. घराच्या छायाचित्रांतली जीपीएसची नोंद मात्र बाहेर कुठेही टाकण्यापूर्वी मुद्दाम काढून टाकावी. सार्वजनिक वास्तूंची चांगली छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवर द्यावीत, तिथे मराठी वर्णन लिहिण्याची सोय आहे. आणि ठरावीक चौकटींच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रती काढून, त्यांच्या मागे मऊ पेन्सिलीने नोंद लिहून, एक संच इंदूरच्या घरी पाठवावा व दुसरा प्रवासाच्या बॅगेच्या कप्प्यात ठेवावा.