आधी आठवडा मोजा, मग कोर्स शोधा

मी एका रुग्णालयाच्या नोंदविभागात काम करते. रोज किती रुग्ण दाखल झाले, किती घरी गेले, कुठल्या वॉर्डात किती जणांना संसर्ग झाला, हे सगळे आकडे माझ्या हाताखालून जातात. मी ३९ वर्षांची असताना एका डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "मागच्या महिन्यापेक्षा तीन जास्त दिसतायत. ही खरी वाढ आहे की योगायोग?" मला सांगता आलं नाही. माझी पदवी दुसऱ्या वर्षाला सुटली होती आणि गणित तिथेच राहिलं होतं. त्या रात्री फोनवर ऑनलाइन कोर्स शोधायला बसले आणि आठ दिवसांत चुकीच्या ठिकाणी पैसे भरून मोकळी झाले.

दुसऱ्या वेळी मला दोन महिने लागले, पण निवड बरोबर झाली. आता कामावरची माणसं विचारायला येतात तेव्हा मी त्यांना त्याच वाटेने नेते. इथे ती वाट सांगते.

सुरुवात वहीत करा, फोनवर नको. कोर्स संपल्यावर आपल्याला काय करता यायला हवं, ते एका वाक्यात आणि आपल्याच शब्दांत लिहा. माझं वाक्य होतं, "हा फरक खरा की योगायोगाचा, हे मला सांगता यायला हवं." पहिल्या वेळी मी 'डेटा सायन्स' शोधलं होतं, कारण जाहिरातीत तोच शब्द होता. त्या कोर्समध्ये सहा सॉफ्टवेअरची नावं होती, पण नमुना केवढा घ्यायचा, फरक योगायोगाचा नाही हे कसं ठरवायचं, याला एक तासही दिलेला नव्हता. दुसऱ्या वेळी ते वाक्य घेऊन मी त्याच डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, "याला काय म्हणतात?" ते म्हणाले, "बायोस्टॅटिस्टिक्स." म्हणजे आरोग्याच्या आकड्यांचं संख्याशास्त्र. शोधायचा शब्द बदलला आणि समोर येणारे कोर्सच बदलले. वय वाढल्यावर शिकायला निघालेल्या माणसाची खरी अडचण बहुतेक वेळा हीच असते. काय हवं ते त्याला नीट कळलेलं असतं, फक्त त्या विषयाचं नाव ठाऊक नसतं. ते नाव त्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाकडून घ्या.

सिरिल हूल नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ साली शिकत राहणाऱ्या प्रौढांचे तीन प्रकार मांडले होते. काहींना ठरावीक काम साधायचं असतं, काही माणसांच्या सहवासासाठी शिकतात आणि काहींना शिकणंच आवडतं. आपण कुठे बसतो ते प्रामाणिकपणे ठरवा. तुम्ही दुसऱ्या प्रकारात असाल तर नुसती रेकॉर्ड केलेली लेक्चर्स असलेला कोर्स कितीही चांगला असला तरी घेऊ नका. तुम्हाला ठरलेल्या वेळी भरणारा वर्ग आणि बोलणारे सोबती हवेत.

आठवडा मोजायचा कसा

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळी निवड त्यावर उभी आहे.

मला वाटायचं, आठवड्याला चौदा तास सहज निघतील. मग मी महिनाभर रोज झोपण्याआधी लिहून ठेवलं, की आज सलग अर्धा तास किंवा त्याहून जास्त, डोकं ताजं असताना, कधी मिळाला. सकाळपाळीच्या आठवड्यात बरे तास मिळाले, दुपारपाळीत कमी आणि रात्रपाळीत एकही नाही. सरासरी आली साडेसहा तास.

आता हे साडेसहा तास कोर्सच्या क्रेडिटशी ताडून बघायचे. क्रेडिट म्हणजे गुण नव्हेत, ते अभ्यासाच्या तासांचं माप आहे आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. युरोपच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास आणि पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट. ब्रिटनमध्ये एक क्रेडिट म्हणजे १० तास. अमेरिकेत तीन क्रेडिटचा विषय म्हणजे सत्राभरात वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून साधारण १३५ तास. भारतातल्या मुक्त विद्यापीठांत एक क्रेडिट बहुधा ३० तासांचं धरतात. युरोपी पद्धतीचा पाच क्रेडिटचा विषय घ्या. १२५ ते १५० तासांना साडेसहाने भागलं की एकोणीस ते तेवीस आठवडे येतात. सत्र पंधरा आठवड्यांचं असेल तर तो एक विषयसुद्धा माझ्या आठवड्यात मावत नाही. पहिल्या वेळी मी असे तीन एकदम घेतले होते आणि तिसऱ्या आठवड्यात थांबले. तेव्हा वाटलं, आपलं डोकं आता चालत नाही. डोक्याचा त्यात काही दोष नव्हता, भागाकार केला असता तर आधीच कळलं असतं.

म्हणून प्रत्येक कोर्सच्या पानावर आधी दोन गोष्टी शोधा. एकूण तास किती, आणि पूर्ण करायला जास्तीत जास्त मुदत किती. मध्ये एक सत्र सुट्टी घेता येते का, घेतली तर पुन्हा फी भरावी लागते का, हेही तिथेच बघा. "आपल्या सोयीने शिका" या शब्दांवर जाऊ नका. परीक्षेची तारीख त्यांच्याच सोयीची असते.

प्रमाणपत्र बघणार कोण?

बढती, नोकरी किंवा पुढचा प्रवेश यासाठी शिकत असाल तर कोर्स शोधण्याआधी ज्याच्या टेबलावर तुमचं प्रमाणपत्र जाणार आहे त्याला भेटा. मी आस्थापना विभागात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं की छोटी प्रमाणपत्रं प्रशिक्षण म्हणून नोंदली जातील, पण पद बदलायला मान्यताप्राप्त पदवीच लागेल. एवढ्या एका भेटीने माझी निम्मी यादी खोडली गेली. नर्सिंग, शिक्षकी, वकिली अशा परवाना लागणाऱ्या कामांत तर परवाना देणाऱ्या संस्थेलाच विचारा. तिने नाही म्हटलं तर विद्यापीठाचं नाव कितीही मोठं असो, उपयोग नाही.

मान्यता हा शब्द एक वाटतो, पण त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. संस्था मान्य आहे का, तो कोर्स मान्य आहे का, आणि तो दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मान्य आहे का? तिन्हींची उत्तरं नियामकाच्या स्वतःच्या यादीत बघा. कोर्सच्या पानावर लावलेलं बोधचिन्ह कोणीही लावू शकतं. ब्रिटनमध्ये इंग्लंडपुरती ऑफिस फॉर स्टुडंट्सची नोंदवही आहे, अमेरिकेत शिक्षण खात्याची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे, भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग आहे. नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा, कारण प्रसिद्ध विद्यापीठाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन बसलेल्या बनावट संस्था असतात. काही ठिकाणी तर त्यांना मान्यता देणारी संस्थाही त्यांचीच असते.

"घरबसल्या घेतलेली पदवी" असं कुणी हिणवलं तर वाईट वाटून घेऊ नका. लंडन विद्यापीठाने १८५८ साली बाहेरच्या विद्यार्थ्यांना आपल्या परीक्षा खुल्या केल्या. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ पासून पूर्वशिक्षणाची अट न घालता प्रवेश मिळू लागला. नेल्सन मंडेलांनी कायद्याची पदवी दक्षिण आफ्रिका विद्यापीठातून दूरशिक्षणाने घेतली. ती १९८९ साली मिळाली तेव्हा ते तुरुंगात होते. मला थकवा यायचा तेव्हा हे आठवायचं.

शोधायचं कुठे

गूगलवर वरचे काही निकाल बहुधा पैसे देऊन लावलेले असतात आणि तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. त्याखाली येतात 'तुलना' करून देणारी संकेतस्थळं. त्यांतली बरीच संस्थांकडून कमिशन घेतात आणि तुमचा फोन नंबर हाच त्यांचा माल असतो. मी एकदा माहितीपुस्तिकेसाठी नंबर दिला आणि पुढे किती दिवस फोन येत राहिले ते विचारू नका. चौकशीसाठी वेगळा ईमेल काढा आणि नंबर मागितला तर ते पान बंद करा.

मला हवा तो कोर्स तीन ठिकाणांहून सापडला. नियामकाच्या यादीतून संस्थांची नावं घेतली. मला करायचं त्या कामाच्या नोकरीच्या जाहिराती वाचून कोणते विषय आणि कोणती पदवी मागतात ते टिपलं. आणि ज्यांनी तो कोर्स पूर्ण केला अशा दोघांशी बोलले, शिवाय ज्यांनी अर्धवट सोडला अशा एकीशी. सर्वांत जास्त मी तिच्याकडून शिकले. तिने सांगितलं की दुसऱ्या सत्रानंतर प्रश्न विचारायला कोणी उरत नाही.

खुले मोफत कोर्स मी चवीपुरते वापरले. अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांच्या खुल्या कोर्सेसच्या नोंदी तपासून २०१९ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं, की नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स उघडूनही बघितला नव्हता. २०१७-१८ मध्ये सगळ्या सहभागींपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी तो पूर्ण केला, पण पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेवर आलेल्यांपैकी ४६ टक्क्यांनी. यात मोफत शिक्षणाचा दोष मला दिसत नाही. नाव नोंदवणं आणि शिकायला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोफत कोर्स घ्या, पण विषय आपल्याला झेपतो का हे बघण्यासाठी घ्या. आणि पहिलं लेक्चर बघून ठरवू नका, ते सगळेच झकास करतात. पाचवा किंवा सहावा आठवडा उघडा, तिथला एक स्वाध्याय सोडवायला बसा. मला तो सुटला नाही, पण कुठे अडलं ते कळलं, आणि आधी शाळेचं बीजगणित दीड महिना उजळून घ्यायचं ठरलं.

माणूस मागे का राहतो याची पॅट्रिशिया क्रॉस या अभ्यासिकेने १९८१ साली तीन कारणं मांडली होती. घरची-दारची परिस्थिती, संस्थेचे नियम आणि स्वतःच्या मनातली भीती. पहिल्या दोन आपण बोलून दाखवतो. तिसरी लपवतो आणि "वेळ नाही" म्हणतो. मीही तेच म्हणत होते. बीजगणिताची उजळणी झाली तेव्हा भीती निम्मी गेली.

फी भरण्याआधी

इथे लेखी उत्तर घ्या, फोनवरचं नको. माझे प्रश्न असे होते. स्वाध्याय कोण तपासतं, किती दिवसांत परत येतो, आणि त्यावर शेरा असतो की नुसते गुण? जुन्या अपूर्ण पदवीचे विषय ग्राह्य धरणार का? परीक्षा केंद्रावर की घरून कॅमेऱ्यासमोर? घरून असेल तर तीन तास बंद दाराची खोली आणि न तुटणारं नेट लागतं, ते आपल्याकडे आहे का ते आधी बघा.

स्वाध्यायाच्या प्रश्नावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. आयझॅक पिटमन १८४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये टपालाने लघुलेखन शिकवायचे. विद्यार्थी उतारा लिहून पाठवत आणि पिटमन तो तपासून परत पाठवत. ती परतीची टपाल होती म्हणून ते शिक्षण होतं. आज व्हिडिओ कितीही सुबक असले तरी तुमचं लिहिलेलं कोणी वाचून परत पाठवत नसेल, तर ते पुस्तक विकत घेण्यासारखंच आहे, आणि पुस्तक स्वस्त पडतं.

पैशांबद्दल एकच गोष्ट, पण ती नीट वाचा. पहिल्या वेळी मला "सोपे हप्ते" सांगितले होते. ते हप्ते संस्थेचे नव्हतेच, तिसऱ्याच कंपनीचं कर्ज होतं आणि मी कागद न वाचता सही केली होती. कोर्स सोडला तरी हप्ते चालूच राहिले. सही करण्याआधी विचारा, पैसे मी कोणाला देणं लागते? परतावा किती दिवसांपर्यंत आणि किती मिळतो? "आज रात्री बारापर्यंतच सवलत" म्हणाले तर उठून या.

प्रवेश घेतला की त्याच दिवशी दोन तारखा लिहून ठेवा. एक परीक्षेची, म्हणजे पाळी बदलून मागायचा अर्ज वेळेत देता येईल. दुसरी, पैसे परत मिळण्याच्या शेवटच्या दिवसाची. त्या दुसऱ्या तारखेच्या बरंच आधी पहिला स्वाध्याय पाठवा, तो तपासून येऊ द्या आणि मग राहायचं की नाही ते ठरवा. माझा नवव्या दिवशी परत आला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं. त्याखाली कुणीतरी चार ओळी लिहिल्या होत्या, की तुम्ही सरासरी बरोबर काढलीत पण आकडे तिच्याभोवती किती पसरलेत ते बघितलं नाहीत, वॉर्डातल्या तुमच्याच आकड्यांवर करून बघा. मुदत संपायला पाच दिवस होते. मी राहिले.