आधी डावा पाय

नीरज चोप्राने 7 ऑगस्ट 2021 ला टोकियोत 87.58 मीटर भाला फेकला, तेव्हापासून साताऱ्याच्या मैदानावर पहाटे भाला घेतलेली पोरं दिसायला लागली. मी सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघीच होतो. ही पोरं भेटली की हमखास विचारतात, "ताई, हात कसा तयार करायचा?"

हाताचं नंतर बघू. आधी डावा पाय. (डावखुरे असाल तर उजवा.)

धावत येऊन क्रॉस स्टेप (पायावर पाय ओलांडत टाकलेली आडवी पावलं) घेतल्या की शेवटी डावा पाय पुढं टेकतो. तो गुडघ्यात वाकला की धावण्याचा सगळा जोर तिथंच जिरतो आणि भाला नुसत्या खांद्याच्या जोरावर फेकावा लागतो. पाय ताठ राहिला तर कंबर, छाती, खांदा, कोपर अशी ओढ लागत जाते, हात सगळ्यात शेवटी येतो. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली. शेवटी सरांनी भालाच काढून घेतला आणि महिनाभर नुसता मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, फेकायला लावला. घरी येऊन रडायचे. भाला परत हातात आला तेव्हा मात्र पहिल्याच आठवड्यात चार मीटर वाढले.

साधे रनिंग स्पाइक घालून जोरात फेकू नका. त्यांना टाचेला खिळे नसतात, पाय सरकतो. भाल्याचे बूट महाग आहेत, पण पहिला खर्च त्याच्यावर करा. भाला शाळेचा, बांबूचा चालेल. फक्त वजन वयाप्रमाणे हवं: 18 खालच्या मुलींना 500 ग्रॅम, मुलांना 700, पुढं बायकांना 600, पुरुषांना 800. बारावीतल्या दादाचा भाला आठवीतल्या पोरानं फेकायचा नाही.

कोपराचं माझ्यावरूनच शिका. एका शिबिरात राज्य स्पर्धेआधी रोज पन्नास-साठ थ्रो पूर्ण ताकदीनं मारायला लावले. कोपराच्या आतल्या बाजूला दुखायचं, मी गप्प बसले, संघातून काढतील म्हणून. आठ महिने घरी बसले. आतल्या बाजूला कळ आली की त्या दिवशी भाला खाली ठेवायचा, सर ओरडले तरी.

शाळेतून आपला रस्ता तालुका, जिल्हा, मग कोल्हापूर विभाग, मग राज्य असा. माझी पहिली राष्ट्रीय स्पर्धा तीन थ्रोंत संपली. मातीवर सराव केलेला, तिथं सिंथेटिक ट्रॅक. वेग वाढला, मार्क (धाव कुठून सुरू करायची ती खूण) चुकला आणि दोनदा तोल जाऊन रेघेपलीकडं गेले. दोन लाल निशाणं, दोन्ही थ्रो बाद. तिसरा भीत भीत मारला. पहिल्या आठ जणींना आणखी तीन थ्रो मिळतात. मी नववी. म्हणून सांगते, फेकल्यावर थांबायला रेघेआधी दीड-दोन मीटर ठेवा आणि नव्या मैदानावर मार्क टेप लावून पुन्हा मोजा.

नोकरीचं सगळेच विचारतात. महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कुठली स्पर्धा, कितवा नंबर, यावर पद ठरतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर पळापळ करू नका, आधीच करून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीची संधी तेवढ्यापायी गेली.

आणि प्रवास! सव्वादोन मीटरचा भाला एसटीत कुठं ठेवणार? आबांनी विहिरीच्या पाइपलाइनचा उरलेला तुकडा कापला, दोन्हीकडं टोपणं बसवली, आतून जुनी गोधडी गुंडाळली. कोरेगावच्या गाडीत कंडक्टर विचारायचे, "ह्याचं हाफ तिकीट फाडू का फुल?" तो पाइप सध्या शेजारच्या एका पोरीकडं आहे. मागच्या आठवड्यात तिनं एक टोपण हरवलं.