बाजारात बसून स्केचिंग करताय? पानावरचा वेळ गोठवणाऱ्या या चुका टाळा

बेळगावात वही घेऊन बाहेर बसणारी माणसं आता बरीच दिसतात. सकाळी किल्ला तलावाच्या काठाला, दुपारी सीबीटी म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या बाकावर, रविवारी खासबागच्या बाजारात कुणी ना कुणी चित्र काढत असतं. अशा वह्या चाळायला मिळाल्या की मी आवडीने चाळतो. हात चांगले आहेत. लुगड्याचा काष्टा, टोपीचा कल, पिशवीच्या वजनाने खाली गेलेला खांदा, सगळं जागच्या जागी असतं. तरी एक गोष्ट खटकते. दोन तास बसून काढलेलं पान एका क्षणात टिपलेलं वाटतं. त्या दोन तासांत बाजार भरला, ऊन चढलं, कोथिंबीर संपली, बाकावरची माणसं बदलली. यातलं काहीच पानावर आलेलं नसतं.

बाजारात बसून चित्र काढण्यातली खरी कमाई म्हणजे तो गेलेला वेळ. तो कुठे निसटतो, ते बघूया.

माणूस हलू नये, अशी अपेक्षा ठेवणं

सगळ्यात जास्त पानं यामुळेच फुकट जातात. समोरच्या भाजीवाल्या मावशी वाकल्या की आपण घाईघाईने वाकलेली पाठ काढायला घेतो. निम्मी पाठ होते तोवर त्या उठतात. आपण चरफडतो, उरलेलं अंदाजाने भरतो आणि आकृती लाकडी होते.

या सवयीचं मूळ मला समजतं. बेळगावला हुबेहूब चित्राची मोठी परंपरा आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णींचं चित्रमंदिर, म्हणजे चित्रकला शिकवणारी त्यांची संस्था, इथलंच, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार रवी परांजपेही (1935–2022) इथलेच. त्या शिस्तीबद्दल मला मनापासून आदर आहे आणि ती शिकायलाच हवी. पण वर्गात समोर बसवलेलं माणूस बसून राहतं. बाजारातलं माणूस आपल्या कामात असतं आणि काम म्हटलं की त्याच त्याच हालचाली पुन्हा पुन्हा होतात. यावरच भिस्त ठेवा.

निपाणीकडे घराच्या उंबऱ्यात बिडी वळत बसलेल्या बायका बघा. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूपानं आणि जर्दा. एक पान उचललं, चिमूटभर जर्दा पसरला, बोटांनी गुंडाळी केली, टोक मुडपलं, दोऱ्याचे वेढे दिले आणि बिडी बाजूला. लगेच पुढचं पान. दोरा बांधताना मान खाली जाते आणि डावं कोपर अंगाला लागतं. पान उचलताना तीच मान जराशी वर येते, कधी शेजारणीशी बोलायला वळते. म्हणजे तीन-चार अवस्था आहेत आणि प्रत्येक थोड्या वेळात परत येणार आहे. एकाच पानावर या तिन्ही-चारही आकृत्या एकदम सुरू करा. मान खाली गेली की पहिलीवर दोन रेषा, वर आली की दुसरीवर दोन. घाई करायचं कारणच उरत नाही. अर्ध्या तासात चारही पुऱ्या होतात आणि त्यांच्यात कामाची लय उतरते.

शहापूर-वडगावात मागावर तुटलेला धागा जोडणारा विणकर, खानापूरच्या चाकावरचा कुंभार, चहाच्या गाड्यावर पातेलं उचलणारा पोरगा, सगळीकडे हेच लागू पडतं. बसल्याबरोबर पेन्सिल टेकवू नका. आधी पाच-दहा मिनिटं नुसतं बघा आणि कोणती हालचाल परत येते ते ओळखा.

चेहऱ्यात अडकणं आणि ढीग विसरणं

वेळ जाताना तासाभरात चेहरा बदलत नाही. बदलतं ते माणसाभोवतीचं सामान. त्याच सुपात सकाळी पानांची चवड उंच असते आणि बिड्या चार असतात. दुपारी चवड बसलेली असते आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधून बाजूला रचलेले असतात. हे दोन ढीग काढलेत की किती वेळ गेला ते न लिहिता कळतं.

बाजारात तर हे फारच सोपं आहे. मेथीच्या जुड्या, मिरचीचा ढीग, रिकाम्या होत जाणाऱ्या बुट्ट्या, पायाशी वाढत जाणारा पाल्याचा कचरा. आल्या आल्या पानाच्या कोपऱ्यात ढिगाची बाहेरची कड तेवढी मारून ठेवा. तासाने त्याच जागी, पहिली कड न पुसता, नवी कड काढा. माझ्या मते सबंध पानात हे काम सर्वांत कमी रेषांचं आणि सर्वांत जास्त बोलणारं असतं, आणि नेमकं हेच बहुतेकजण सोडून देतात.

ऊन आणि सावली शेवटी भरणं

नऊला माणसं काढायची आणि अकराला घरी निघताना सगळ्यांच्या सावल्या भरायच्या, ही चूक भल्याभल्यांच्या वहीत दिसते. माणसं नऊची, सावल्या अकराच्या. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

इथलं ऊन कसं चालतं, ते एकदा समजून घ्या. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरच्या सूर्याप्रमाणे लावलेलं आणि आपण त्याच्या पश्चिमेला, साधारण 74.5 अंशावर. त्यामुळे बेळगावात सूर्य माथ्यावर यायला घड्याळात साडेबारा वाजतात, ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे. मार्चच्या अखेरीला सकाळी पावणेनऊला माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दीड-पावणेदोनपट असते आणि तासाभरात ती उंचीएवढीच उरते. पण या तासात तिची दिशा फारशी बदलत नाही. दुपारच्या आसपास उलट होतं. लांबी तेवढीच राहते आणि दिशा झपाट्याने फिरते. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सावली अगदी पायाखाली येते, कारण सूर्य त्या दिवसांत बरोबर डोक्यावर असतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीसुद्धा माणसाच्या उंचीच्या चार-पंचमांश लांब सावली उत्तरेकडे पडलेली असते.

उपाय दोन आहेत. एकच वेळ दाखवायची असेल तर पहिल्या पाच मिनिटांत एका खांबाची किंवा छत्रीची सावली आखून घ्या आणि शेवटपर्यंत सगळ्या सावल्या त्याच हिशेबाने भरा. जाणारा वेळ दाखवायचा असेल तर त्याच खांबाची सावली दर अर्ध्या तासाने नुसत्या रेषेने आखा आणि प्रत्येक रेषेच्या टोकाशी वेळ लिहा. माझा ओढा दुसऱ्या पद्धतीकडे आहे. रेषांचा तो पंखा पानावर उमटला की आजूबाजूची प्रत्येक आकृती कधीची आहे, तेही त्यातून सांगता येतं.

मधेच उठून उभं राहणं

ही तांत्रिक चूक आहे, पण गर्दीची चित्रं हिच्यामुळे कोसळतात. पायरीवर बसून काढताना तुमच्या डोळ्यांची पातळी उभ्या माणसाच्या पोटा-छातीच्या मधून जाते. जमीन सपाट असेल तर जवळचा असो की लांबचा, प्रत्येक उभा माणूस त्या आडव्या रेषेला तिथेच छेदतो. उभे राहिलात की तीच रेषा सगळ्यांच्या डोळ्यांतून जाते. तासभर एकेक माणूस भरत असताना पाय आखडले म्हणून उभ्यानेच पुढची चार माणसं काढलीत, तर ती खड्ड्यात तरी दिसतील किंवा हवेत तरी. पानावर सुरुवातीलाच एक फिकट आडवी रेषा मारा. पाय मोकळे करा, चहा प्या, पण रेषा ओढायच्या त्या पहिल्या जागी बसूनच.

खोडरबर

घरी ठेवून या. गेलेल्या माणसाची अर्धी रेषा म्हणजे तो येऊन गेल्याची खूण आहे.

सीबीटीचं एक बाक घ्या. खानापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या आजी, मग कॉलेजचा पोरगा, मग चंदगडला निघालेलं जोडपं. तासाभरात त्याच दीड हात जागेवर चार माणसं बसून उठतात. पहिल्याला फिकट पेन्सिलीने काढा, दुसऱ्याला त्याच्याच अंगावरून जरा गडद, तिसऱ्याला बॉलपेनने. आजींचं गाठोडं पोराच्या गुडघ्यातून आरपार दिसू द्या. वर्गात याला चूक म्हणतील. इथे मात्र तो तास पानावर आणायचा दुसरा इतका सरळ मार्ग मला माहीत नाही. शेवटचं माणूस उठून गेलं की रिकामं बाकही काढा, आणि प्रत्येक आकृतीच्या कडेला वेळ लिहा. गाडीच्या पाटीवरचं गाव कन्नडमध्ये असेल तर कन्नड अक्षरंच उतरवा. ती अक्षरं या जागेचा भाग आहेत.

मिरवणुकीच्या मागे धावणं

वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ असोत की अनंत चतुर्दशीचं विसर्जन, नवखे चित्रकार रथामागे आणि मूर्तीमागे पळतात. रथ पुढे जातो आणि पान अर्धं राहतं. त्यापेक्षा बघणाऱ्यांकडे तोंड करा. ते तासन्‌तास तिथेच असतात. संध्याकाळी बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटणारं पोर मध्यरात्री त्याच खांद्यावर मान टाकून झोपलेलं असतं. एका पानावर या दोन आकृत्या आल्या की रात्र कशी गेली ते आलं.

एकदाच जाऊन जागा सोडून देणं

तासांचं जे सांगितलं, तेच महिन्यांनाही लागू आहे. येळ्ळूरच्या शिवारात एक बांध निवडा. जुलैत चिखलात वाकलेली रोपलावणीची रांग, कापणीच्या दिवसांत त्याच बांधाला भाताच्या पेंढ्या. उभं राहायची जागा तीच, वहीतली चौकट तीच आणि क्षितिजाची रेषा कागदावर त्याच उंचीला. जागा दोन पावलं जरी हलली तरी दोन पानांची तुलना होत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी पानाच्या मागे लिहून ठेवा: कुठल्या झाडाला पाठ टेकली होती आणि डाव्या कडेला काय दिसत होतं.

पावसाळ्यातल्या अडचणी

इथल्या पावसात कागद दमट होतो, शाई लवकर वाळत नाही आणि जलरंग ओलेच राहतात. जून ते सप्टेंबर साधं बॉलपेन वापरा. ते पसरत नाही. झेरॉक्सचा पातळ कागद फुगतो, त्यापेक्षा चित्रकलेचा जाड कार्ट्रिज कागद बरा. मऊ पेन्सिलीचं काम असेल तर दोन पानांमध्ये बटर पेपर घाला, नाहीतर एका पानावरचं काम समोरच्या पानावर उमटतं.

चोरून बघणं

आपण लपून काढतोय असं वाटलं की समोरचं माणूस अवघडतं, आणि त्याचं अवघडणं योग्यच आहे. आधी चार शब्द बोला. मावशी, मामा, अण्णा, अक्का, जे तोंडात बसेल ते. "काय काढालाय ओ?" असं कुणी विचारलं की वही सरळ पुढे करा. नको म्हणाले की थांबा, तिथे हुज्जत नको. लहान मुलांना काढायचं तर सोबतच्या मोठ्यांना विचारून. कॅम्प भागात लष्कराच्या आवाराकडे तोंड करून वही उघडू नका. पहारेकऱ्याने हटकलं तर त्याचं काही चुकत नाही.

गिऱ्हाइकाच्या वेळी दुकानासमोर मांडी ठोकू नका. खासबागला उन्हं उतरताना धंद्याची गडबड असते, तेव्हा कडेच्या पायरीवर सरकायचं. ज्यांना तासभर काढलंय त्यांना निघताना पान दाखवाच. बहुतेक वेळा तेच चूक सांगतात: तराजू या हातात नसतो, किंवा ही बुट्टी आधीच संपली होती. ते तिथल्या तिथे पानाच्या कडेला लिहून घ्या. कुणी पानच मागितलं तर मोबाईलवर फोटो काढून घ्या आणि पान देऊन टाका. स्पायरलची वही असली की ते सहज निघतं.